२२८ व्होल्ट, ८ अँपिअर, मग रोध २८.५ ओहम का नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी नववीचा ओहमचा नियम आणि दहावीची विद्युत शक्ती मुलांना घरच्या वस्तूवर दाखवायची ठरवली. वस्तू म्हणजे १५ लिटरचा गीझर, पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट. सरांनी गीझर बंद असताना सॉकेटचं व्होल्टेज मोजलं, ते २२८ आलं. मग गीझर चालू करून वायरमनकडून फेजच्या वायरला टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट मोजायचा मीटर) लावून घेतला, करंट ८.० अँपिअर. भागाकार केला, रोध २८.५ ओहम. गुणाकार केला, १८२४ वॅट. नंतर प्लग काढून मल्टिमीटरने दोन पिनांमधला रोध मोजला, तर तो २६.४ ओहम. पाटीवरच्या आकड्यांवरून काढला, २३० गुणिले २३० भागिले २०००, तर २६.४५. सरांचा प्रश्न: दोन मार्गांनी एकच उत्तर येतं आणि तिसऱ्याने वेगळं. मीटर खराब, कॉइल खराब, की मीच काहीतरी चुकतोय?

सर, कॉइल चांगली आहे. मीटरही चांगला आहे. चूक फक्त २२८ मध्ये आहे. ते व्होल्टेज तुम्ही वेगळ्या वेळी मोजलंत आणि करंट वेगळ्या वेळी. ओहमचा नियम एवढीच अट घालतो की व्होल्टेज आणि करंट एकाच तुकड्याचे आणि एकाच क्षणाचे असावेत. ही अट पुस्तकात अर्ध्या ओळीत येते आणि निघून जाते. मी ३० वर्षांहून जास्त काळ मोटारी भरतोय आणि घरांचं वायरिंग करतोय, आणि माझ्याकडे आलेल्या चुकलेल्या हिशोबांपैकी बहुतेक याच जागी चुकलेले असतात. म्हणून उत्तर जरा लांबवतो.

गीझर बंद असताना वायरीतून करंट जात नाही. करंट नाही म्हणजे वाटेत व्होल्टेज कुठे पडतही नाही. डीपीपासून, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून, सॉकेटपर्यंत कितीही बारीक वायर असो, कितीही लूज जॉइंट असो, मल्टिमीटर भरपूर व्होल्टेज दाखवणार, कारण मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. गीझर चालू केला की ८ अँपिअर त्या सगळ्या वाटेवरून धावतात आणि प्रत्येक वायर, प्रत्येक स्क्रू, स्विचचा प्रत्येक पॉइंट आपापला वाटा कापून घेतो. उरलेलं कॉइलला मिळतं. तुमच्या कॉइलचा रोध २६.४ ओहम आणि करंट ८, म्हणजे कॉइलवर पडलेलं व्होल्टेज ८ गुणिले २६.४, साधारण २११. उरलेले १७ व्होल्ट वाटेत गेले. १७ भागिले ८, म्हणजे २.१ ओहम. २६.४ आणि २.१ मिळवा, २८.५ आले. तुमचा भागाकार बरोबरच होता, पण त्यातून निघाला तो कॉइल अधिक कॉइलच्या मागची अख्खी वाट, असा एकत्र रोध.

यावर एक शंका कोणीही घेईल: कॉइल तापल्यावर तिचा रोध वाढतो, तोच हा फरक नसेल का? रास्त शंका आहे. पण गीझरची कॉइल निक्रोमची असते आणि निक्रोम मुद्दाम त्यासाठीच वापरतात की तापल्यावर त्याचा रोध फारसा बदलत नाही. पाण्यात बुडालेल्या कॉइलीत ही वाढ दोन-तीन टक्क्यांपलीकडे जात नाही. तुमचा फरक आठ टक्क्यांचा आहे. तापण्याची वाढ धरली तर वाटेतले १७ व्होल्ट थोडे कमी होऊन १०-१३ वर येतील, पण शिल्लक राहतीलच.

गेओर्ग ओहम स्वतः कोलोनमधल्या शाळेत शिकवत होता आणि नेमक्या याच अडचणीत सापडला होता, हे मुलांना जरूर सांगा. त्या काळच्या बॅटरीवर प्रयोग करताना तारेची लांबी बदलली की मागून येणारा जोरच बदलायचा, आकडे टिकायचे नाहीत. मग त्याने बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथ यांचा तापविद्युत जोड वापरला. त्याचं एक टोक बर्फात, एक उकळत्या पाण्यात. त्यातून मिळणारा जोर बारीक असतो, पण ठाम असतो. १८२६ साली त्याला जे सूत्र मिळालं ते आजच्या तीन अक्षरांचं नव्हतं. त्यात भागाकाराच्या खाली दोन गोष्टींची बेरीज होती: मोजायच्या तारेची लांबी आणि उरलेल्या सगळ्या मंडलाचा रोध. १८२७ च्या त्याच्या पुस्तकातून पुढे जे पाठ्यपुस्तकांत आलं त्यात ही दुसरी गोष्ट हळूहळू गळाली. तुमच्या गीझरने ती परत समोर आणली आहे.

आता शक्ती. तुम्ही काढलेले १८२४ वॅट म्हणजे २२८ गुणिले ८. कॉइलमध्ये खरोखर उष्णता होते ती करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ६४ गुणिले २६.४, साधारण १६९० वॅट. मधले १३४ वॅट वाटेत जळतात. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा आकडा हा १३४ आहे. गीझर २००० ऐवजी १६९० वॅटवर चालला तर आंघोळीचं पाणी तीन-चार मिनिटं उशिरा तापेल, एवढंच. पण १३४ वॅट कुठे जळतात, ते शोधलंच पाहिजे.

आधी वायरीचा हिशोब करा. तांब्याचा रोध काढायला मी डोक्यात एकच आकडा ठेवतो: एक चौरस मिलिमीटर जाडीची एक मीटर तार म्हणजे ०.०१७२ ओहम. गीझरला २.५ चौरस मिलिमीटरची वायर असते, किंवा असायला हवी. मेन बोर्डापासून बाथरूम २० मीटर धरा. जाताना २० आणि येताना २०, एकूण ४० मीटर. येतानाची वायर विसरणं ही शिकाऊ पोरांची पहिली चूक. ४० गुणिले ०.०१७२ भागिले २.५, उत्तर ०.२७५ ओहम. ८ अँपिअरला सव्वादोन व्होल्ट आणि १८ वॅट. तेही ४० मीटरभर पसरलेले, म्हणजे हाताला कळणारसुद्धा नाहीत. वायर निर्दोष सुटली. उरलेले १५ व्होल्ट एक तर तुमच्या वीज मीटरच्या आधी पडतायत, म्हणजे सर्व्हिस वायर, खांबावरचा जॉइंट, डीपीपर्यंतची लाईन; नाही तर घरातल्या एखाद्या लूज जागी.

ही दुसरी शक्यता खरी असेल तर १५ गुणिले ८, म्हणजे १२० वॅट एका स्क्रूखाली किंवा सॉकेटच्या एका पत्तीत जळतायत. रेडिओ दुरुस्तीचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि ते कथिल-शिशाचा सोल्डर सहज वितळवतं. त्याच्या जवळपास पाचपट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत. प्लगची पिन काळी पडणं, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं होऊन फुगणं, जळक्या बेकेलाइटचा वास, या सगळ्यामागे हाच गुणाकार असतो. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) इथे वाचवत नाही, कारण तिच्या दृष्टीने करंट ८ च आहे. तो वाढलेला नाही, उलट थोडा कमीच झालाय. घरात आग लागते तेव्हा लोक सरसकट ‘शॉर्टसर्किट’ म्हणतात. मी पाहिलेल्या जळक्या बोर्डांमध्ये लूज जॉइंटची संख्या शॉर्टपेक्षा पुष्कळ जास्त होती.

व्यवसायाच्या सुरुवातीला एका घरी पाणी तापत नाही म्हणून मला बोलावलं. मी करंट मोजला, कमी आला. पाटीवरच्या वॅटशी ताडून पाहिला आणि कॉइल बदलली. आठ दिवसांनी तीच तक्रार. दुसऱ्या खेपेला सॉकेट उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू नुसता टेकलेला होता आणि वायरीचं इन्सुलेशन चार बोटं कोळसा झालं होतं. पहिल्या दिवशी जुन्या कॉइलचा रोध सुटा मोजला असता तर ती चांगली आहे हे दोन मिनिटांत कळलं असतं. त्या दिवसापासून मी कॉइल सुटी मोजल्याशिवाय बदलत नाही. तुम्ही न सांगता ते मोजलंत, म्हणून तुमचा प्रश्न मला आवडला.

पडझड घरात आहे की बाहेर, हे काहीही न उघडता शोधायची एक पद्धत आहे आणि ती मुलांनाही दाखवता येईल. तुमच्या वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. पाटीवर लिहिलेलं असतं की एका युनिटला किती वेळा लुकलुकेल. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमच्यावर काय आहे ते वाचून घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. फक्त गीझर चालू ठेवा आणि मोबाइलवर त्या दिव्याचा व्हिडिओ घ्या. पहिली लुकलुक शून्य धरून ५० मोजा आणि त्याला किती सेकंद लागले ते पाहा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून वॅट काढायचे तर ३६ लाख गुणिले ५०, भागिले ३२००, भागिले सेकंद.

मीटर स्वतःच्या जागेवरचं, लोड असतानाचं व्होल्टेज धरतो. पडझड घरात असेल, तर मीटरला अजूनही २२८ च्या जवळपास मिळतायत आणि तो १८२४ वॅट मोजणार, ५० लुकलुकींना सुमारे ३१ सेकंद. पडझड मीटरच्या बाहेर असेल, तर मीटरलाच २१३ मिळतायत आणि तो साधारण १७०० वॅट मोजणार, ३३ सेकंदांच्या थोडं वर. दोन सेकंदांचा फरक व्हिडिओवर स्पष्ट कळतो. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या, लांबच्या सॉकेटवर मल्टिमीटर लावून ठेवा आणि गीझर चालू-बंद केल्यावर तो किती हलतो तेही पाहा. गीझरचं सर्किट बोर्डापासूनच वेगळं असेल, तर त्या लांबच्या सॉकेटवरचं व्होल्टेज जेवढं खाली येईल तेवढी पडझड बोर्डाच्या अलीकडची, म्हणजे सर्व्हिस वायर, मीटर किंवा मेन स्विचकडची. ही तपासणी दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा करा, कारण गावात सातनंतरचं व्होल्टेज वेगळंच असतं.

घरात निघालं तर पुढचं काम वायरमनचं. तो गीझर चालू असताना स्विचच्या दोन टोकांवर मीटर लावेल. चांगल्या स्विचवर व्होल्टचा शंभरावा-दहावा हिस्सा दिसतो, एखादा व्होल्टसुद्धा दिसला तर तो स्विच बदलायचा. हे मोजमाप चालू लाईनवर होतं, म्हणून तुम्ही स्वतः, आणि मुलांसमोर तर मुळीच, करू नका. बाहेर निघालं तर महावितरणकडे तक्रार द्या आणि ती लेखी द्या. त्यातही न्यूट्रलचा जॉइंट लूज असेल तर वाट पाहू नका. न्यूट्रल सुटला की एका घराचं व्होल्टेज पडतं आणि शेजारच्या दुसऱ्या फेजवरच्या घराचं चढतं, अगदी ४०० च्या दिशेने. तिथे टीव्ही-फ्रिज एका क्षणात जातात.

आता एक कोडं, जे वर्गातली हुशार मुलगी विचारणारच. शक्ती म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. म्हणजे रोध जास्त तर शक्ती जास्त. आणि शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. म्हणजे रोध जास्त तर शक्ती कमी. दोन्ही खरं कसं?

पहिल्यात करंट ठरलेला धरलाय, दुसऱ्यात व्होल्टेज ठरलेलं धरलंय. गीझरच्या वाटेवरच्या लूज जॉइंटला करंट ठरलेला मिळतो, कारण तो मुख्यतः २६ ओहमची कॉइल ठरवते. म्हणून तिथे रोध वाढला की उष्णता वाढते. पण गीझरच्या जागी जास्त रोधाची कॉइल बसवली तर तिच्यावरचं व्होल्टेज घरच्या लाईनचं, ते ठरलेलं. म्हणून तिथे रोध वाढला की उष्णता घटते. कुठलं सूत्र घ्यायचं ते ‘या तुकड्याला काय ठरलेलं मिळतंय’ यावरून ठरवा. वायरीतला तोटा काढायला मी नेहमी करंटचा वर्गच घेतो. एका शिकाऊ मुलाने माझ्यासमोर वायरीचा तोटा २२८ चा वर्ग भागिले ०.२७५ असा काढला होता, उत्तर आलं १ लाख ८९ हजार वॅट. हे उत्तरही एका प्रसंगी खरं ठरतं: बोर्डाच्या मागच्या वाटेचा रोध नगण्य धरला आणि गीझरपाशी दोन वायरी एकमेकींना टेकल्या, तर २२८ व्होल्ट खरोखर त्या वायरीवरच पडतात, ८०० अँपिअरच्या वर करंट जातो आणि एमसीबी पडते. म्हणजे सूत्र चुकीचं नव्हतं. ते २२८ व्होल्ट रोजच्या चालण्यात त्या तुकड्यावर नसतात, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

व्होल्टेजचा वर्ग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण आमच्याकडे सांगली भागात शेतीपंप एकदम सुरू झाले की घरातलं व्होल्टेज १९० वर येतं. १९० चा वर्ग ३६१००, भागिले २६.४५, म्हणजे १३६५ वॅट. व्होल्टेज सतरा टक्क्यांनी पडलं आणि शक्ती बत्तीस टक्क्यांनी. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतं; पूर्ण २००० वॅटवर त्याला १८ मिनिटं, १९० व्होल्टवर २७. बिल मात्र तेवढंच, कारण पाण्याला लागणारी ऊर्जा तीच आहे. ‘व्होल्टेज कमी म्हणून बिल जास्त’ असं गीझरबाबत बोलतात ते खरं नाही. मोटारीचं गणित मात्र वेगळं आहे.

कारण मोटारीला हा भागाकार लागूच होत नाही. एक एचपीची सिंगल फेज मोटार घ्या, २३० व्होल्टला ७ अँपिअर ओढणारी. भागाकार केला तर ३३ ओहम. तिचं मेन वायंडिंग, म्हणजे आतली तारेची मुख्य गुंडाळी, मल्टिमीटरने मोजलं तर समजा ३ ओहम भरतं. ३ ओहम खरे मानून करंट काढला तर ७७ अँपिअर. दोन्हींत मेळ नाही, आणि कोणाचंच मोजमाप चुकलेलं नाही. मोटार फिरत असताना वायंडिंगमध्ये उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं, शिवाय लोखंडावर गुंडाळलेली तार बदलत्या करंटला वेगळाच अडथळा करते. त्यामुळे ३३ ओहम हा रोध नाही, तो एकूण अडथळा आहे, आणि त्यातला मोठा भाग उष्णता करत नाही. तार तापते ती ३ ओहमांमुळे: ४९ गुणिले ३, सुमारे १५० वॅट.

शक्तीचंही तसंच. २३० गुणिले ७ म्हणजे १६१०, पण याला वॅट म्हणू नका, हे व्होल्ट-अँपिअर आहेत. वॅटमीटर ११५० च्या आसपास दाखवेल. दोहोंचं गुणोत्तर ०.७ च्या जवळ, तोच पॉवर फॅक्टर. गीझर, इस्त्री, शेगडी यांचा पॉवर फॅक्टर एक असतो, म्हणून तुमचा साधा गुणाकार तिथे चालतो. शेतावरच्या पाच एचपी थ्री फेज मोटारीला गुणाकारात १.७३२ सुद्धा येतो. ५ एचपी म्हणजे शाफ्टवर ३७३० वॅट; मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर लाईनवरून ४६६० वॅट; १.७३२ गुणिले ४१५ व्होल्ट गुणिले ०.८ पॉवर फॅक्टर, याने भागलं की ८ अँपिअरच्या आसपास. शेतकरी ‘एचपीला दीड अँपिअर’ म्हणतात तो याच हिशोबाचा पिढीजात सारांश आहे, आणि बऱ्यापैकी बरोबर आहे. महावितरण कपॅसिटर बसवा म्हणून सांगत असते तेही यातूनच. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ झाला की तोच पंप ८.१ ऐवजी ६.८ अँपिअर ओढतो, आणि तोटा करंटच्या वर्गाने जात असल्यामुळे वायरीत जळणारी वीज तीस टक्क्यांनी घटते. पाणी एक थेंबही कमी येत नाही.

विहिरीवरची एक तक्रार माझ्याकडे दर उन्हाळ्यात येते: मोटार घूं करते पण उचलत नाही. मालक वायंडिंग जळालं म्हणून मोटार उचलून घेऊन येतो. माझ्या टेबलावर ती पहिल्या झटक्यात फिरते. मी विचारतो, मीटरपासून विहीर किती लांब? अडीचशे मीटर. वायर कसली? ॲल्युमिनियम, ४ चौरस मिलिमीटर. ॲल्युमिनियमचा डोक्यातला आकडा ०.०२८२. जाऊन-येऊन ५०० मीटर, म्हणजे साडेतीन ओहम. चालू मोटारीला ७ अँपिअरला पंचवीस व्होल्ट जातात, ते ती कशीबशी सोसते. पण सुरू होताना मोटार पाचपट करंट मागते. उभ्या मोटारीचा अडथळा २३० भागिले ३५, साडेसहा ओहम, आणि त्याच्यामागे वायरीचे साडेतीन. मोटारीपर्यंत १५० व्होल्टच पोचतात. सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो, म्हणजे तो ४३ टक्क्यांवर येतो. (ही बेरीज ढोबळ आहे. रोध आणि मोटारीचा अडथळा सरळ मिळवता येत नाहीत, पण निदानाला एवढं पुरतं.) त्याने वायर १० चौरस मिलिमीटरची केली तर साडेतीनाचे १.४ ओहम होतात आणि मोटार उचलते. जास्त एचपीची मोटार घ्यायचा सल्ला अशा वेळी दुकानदार देतात. तो उलटा सल्ला आहे. मोठी मोटार आणखी करंट मागेल आणि वाटेत आणखी व्होल्टेज पडेल.

जुना पिवळा बल्ब कुणाकडे असेल तर तो वर्गात जरूर न्या. १०० वॅटच्या बल्बचा रोध पाटीवरून काढला तर ५२९ ओहम. मल्टिमीटरने थंड बल्ब मोजा, चाळीसच्या आसपास येईल. टंगस्टन पांढरं होईपर्यंत तापतं आणि त्याचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. बटण दाबलं त्या क्षणी बल्बमधून जेमतेम अर्ध्या अँपिअरऐवजी साडेपाच-पावणेसहा अँपिअर धावतात, म्हणूनच हे बल्ब बहुधा लावतानाच उडायचे. एलईडी बल्बवर मात्र यातला कुठलाच हिशोब करू नका. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, भागाकारातून जो आकडा येईल तो कशाचाच रोध नसतो.

तापलेल्या तारेचा रोध वाढतो याचा मला धंद्यात थेट उपयोग होतो. बंद मोटारीच्या पोटात थर्मामीटर घालता येत नाही, पण तिची तांब्याची तारच थर्मामीटर आहे. थंड असताना रोध मोजायचा, तासभर लोडवर चालवून बंद केल्याबरोबर परत मोजायचा. तांब्यासाठी तापमानात २३४.५ मिळवलं की रोध त्या बेरजेच्या प्रमाणात चालतो. समजा ३० अंशांना २.५० ओहम होता आणि गरम झाल्यावर ३.०५ झाला. प्रमाण १.२२. २६४.५ गुणिले १.२२, म्हणजे ३२२.७, त्यातून २३४.५ वजा, ८८ अंश. बाहेरून हात लावून मोटार ‘बरी आहे’ वाटते आणि आतली तार ११० वर असते, असं मी अनेकदा पाहिलंय. हे मोजायला मल्टिमीटर चालत नाही. अडीच-तीन ओहमात त्याच्या वायरीच दोन-तीन दशांश खातात. इथे परत तुमचीच पद्धत लागते: बॅटरीवरून एक-दोन अँपिअर सोडायचे आणि व्होल्टमीटरची टोकं थेट वायंडिंगच्या टोकांवर, करंट देणाऱ्या क्लिपांच्या आत, लावायची. मग क्लिपचा लूजपणा हिशोबात येतच नाही.

मोजताना सांभाळायच्या दोन-तीन गोष्टी. टाँग टेस्टरमध्ये एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर तो शून्य दाखवतो. करंट बारीक असेल तर त्याच वायरीचे दहा वेढे चिमट्यातून घ्या आणि वाचन दहाने भागा. मल्टिमीटरची लाल वायर अँपिअरच्या भोकात राहून गेली आणि तसाच तो सॉकेटला लावला तर ते शॉर्टच असतं. फ्यूज उडाला तर नशीब, नाही तर मीटर हातात फुटतो. रोध मोजायचा तो प्लग काढूनच. आणि गीझरचा प्लग काढलेलाच आहे तर जाड अर्थपिन आणि दुसऱ्या पिनांमधली गळती वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) तपासून घ्या. मल्टिमीटर अगदी थोड्या व्होल्टवर मोजतो, त्याला ही गळती दिसत नाही. गीझरच्या लाईनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर ती आधी बसवा, मग मुलांना घरी बोलवा.

किंबहुना वर्गासाठी गीझर नकोच. टॉर्चचा एक ताजा सेल, टॉर्चचा बल्ब आणि दोन मल्टिमीटर पुरतात. सेलचं सुटं व्होल्टेज मुलांकडून मोजून घ्या. बल्ब जोडा आणि सेलच्या टोकांवर परत मोजा, त्याच क्षणी दुसऱ्या मीटरवर करंट. समजा आधी १.६० होतं, जोडल्यावर १.४८ झालं आणि करंट ०.३ अँपिअर आहे. ०.१२ भागिले ०.३, म्हणजे ०.४ ओहम सेलच्या पोटात. आता तोच प्रयोग घड्याळातून काढलेल्या जुन्या सेलवर करायला लावा. सुटा असताना तो एक व्होल्टच्या बराच वर दाखवेल, चांगलाच वाटेल. बल्ब जोडला की तो एक व्होल्टच्याही खाली येईल. हा जुना सेल म्हणजे तुमच्या बाथरूमचा सॉकेट.